डावा कान

पोटावर लाकडी नळी ठेवून बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकायचे, तर मी नेहमी डावा कान लावायची. शिकतानाच ती सवय लागली. बाई उताणी झोपलेली, आपण तिच्या उजव्या अंगाला उभं राहायचं, वाकायचं आणि डावा कान नळीला टेकवायचा, म्हणजे आपलं तोंड आपोआप तिच्या पायांकडे होतं. तिला आपला चेहरा दिसत नाही. आम्हाला शिकवणाऱ्या बाईंनी ते बजावून सांगितलं होतं. ठोके ऐकताना तुमच्या चेहऱ्यावर जे काही उमटतं ते त्या बाईनं बघायचं कारण नाही, असं त्या म्हणायच्या.

कोल्हापुरातल्या एका खाजगी प्रसूतिगृहात मी नर्स होते. संस्थान विलीन होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. मी चोवीस वर्षांची, लग्न व्हायचं होतं, आणि घर माझ्या पगारावर चालत होतं. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते शाळामास्तर होते. हिवतापावर वर्षानुवर्षं कोयनेल घेतलं त्यानं म्हणा किंवा आणखी कशानं, त्यांचे दोन्ही कान हळूहळू गेले आणि शाळा सुटली. घरी आम्ही त्यांच्याशी पाटीवर लिहून बोलायचो. ते उत्तर मोठ्यानं द्यायचे, इतक्या मोठ्यानं की मंगळवार पेठेतल्या आमच्या सगळ्या बोळाला आमच्या घरी आज भाजी कुठली ते कळायचं. बाहेर मात्र ते कुणाशीच बोलत नसत. संध्याकाळी रंकाळ्यावर एकटे जायचे आणि एकटे परत यायचे. बहिरेपण म्हणजे काय ते मी लहानपणापासून घरात बघत होते. म्हणून पुढची भीती इतरांना वाटली असती त्यापेक्षा मला जास्त वाटली असेल.

झालं ते असं. गुळाची पेढी असलेल्या एका घरातल्या आजींचं मुंबईला पोटाचं ऑपरेशन झालं. त्यांची सून आमच्याकडे बाळंत झाली होती, तेव्हापासून ती माणसं मला ओळखत होती. त्यांनी आमच्या प्रसूतिगृहाच्या डॉक्टरीणबाईंना विचारून पंधरा दिवसांसाठी मला आजींबरोबर नेलं. परत येताना रेल्वेचे धक्के टाक्यांना नकोत म्हणून आजींच्या मुलानं बेळगावपर्यंत विमानाची तिकिटं काढली. तिथून मोटारीनं कोल्हापूर.

मी विमान जवळून पाहिलंही नव्हतं. त्यात मला मुंबईत सर्दी झाली होती. नाक चोंदलेलं, घसा धरलेला. पण नर्सनं सर्दीची काय तक्रार करायची, म्हणून गप्प बसले. विमानात बसल्यावर तिथल्या बाईंनी ट्रेमधून लिमलेटच्या गोळ्या आणि कापसाचे बोळे आणले. "उतरताना गोळी चघळत राहा, गिळत राहा," असं त्या म्हणाल्या. आजींनी गोळी परत ठेवली आणि चंचीतून पान काढलं. मी माझी गोळी नंतर खाईन म्हणून पिशवीत टाकली.

वर जाताना कान थोडे दडले आणि सुटले. खरा त्रास उतरताना झाला. विमान हेलकावे खात होतं, आजींना मळमळत होतं, मी एका हातानं त्यांच्या टाक्यांवरची उशी दाबून धरली होती आणि दुसऱ्या हातात भांडं होतं. डाव्या कानात आधी कुणीतरी बोटानं दाबल्यासारखं वाटलं. मग ते बोट आत आत जायला लागलं. दुखणं जबड्यात उतरलं, डोळ्यातून पाणी आलं. ओरडावंसं वाटत होतं, पण आजी माझ्याकडे बघत होत्या.

"काय गं, भ्यालीस व्हय?" त्या पान चघळत म्हणाल्या.

"नाही आजी, सर्दी आहे."

बेळगावच्या सांबरा विमानतळावर विमान टेकलं तेव्हा दुखणं कमी झालं, पण डावा कान बंद झाला तो झालाच. मोटारीत बसले तेव्हा तो उघडेल असं वाटलं. निपाणी आली, कागल आलं. माझाच आवाज मला डोक्याच्या आतून, मोठा आणि घुमलेला ऐकू येत होता. बाहेरचं सगळं उजव्या बाजूनं येत होतं आणि डावीकडे भिंत होती.

त्या रात्री मी झोपले तशी सकाळी उठले. कान बंदच.

आईला सर्दीचं सांगितलं, कानाचं नाही. ओव्याचा शेक घेतला, वाफ घेतली. कुणाचं तरी ऐकलेलं आठवलं, की नाक दाबून तोंड मिटून फुंकर मारली की कान सुटतात. मी न्हाणीघरात जाऊन कडी लावली, नाक चिमटीत धरलं आणि जीव खाऊन फुंकलं. कानात कळ आली आणि न्हाणीघर गरकन फिरलं. मी बंबाला हात टेकवला तो भाजला. थोड्या वेळानं पुन्हा फुंकलं. दिवसातून दहा-वीस वेळा असं चाललं होतं. प्रत्येक वेळी वाटायचं, आता सुटेल. कधीकधी आत बारीक चुरचुर व्हायची आणि पुन्हा सगळं गच्च.

तिसऱ्या दिवशी जेवताना आई काहीतरी म्हणाली आणि मी मान वळवून उजवा कान तिच्याकडे केला. समोर बसलेल्या दादांचा घास हातातच राहिला. ते माझ्याकडे बघत होते.

"कुठला?" त्यांनी विचारलं. "डावा?"

मी पाटी घेतली नाही. नुसती मान हलवली.

"किती दिवस?"

मी तीन बोटं दाखवली.

आईला काही कळेना. ती एकदा माझ्याकडे आणि एकदा त्यांच्याकडे बघत राहिली. दादा त्या दिवशी पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले, किंवा त्यांना तो हळू वाटला असेल. "डॉक्टरीणबाईंना सांग. उद्याच सांग. मी दोन वर्षं शाळेत लपवलं. मुलं काय उत्तर देतात ते मला ऐकू येत नव्हतं, आणि मी बरोबर, बरोबर म्हणत होतो."

मी मान डोलावली. पण रात्रभर माझ्या मनात एकच येत होतं. हे त्यांच्याकडून माझ्यात आलंय. विमान नुसतं निमित्त. आता दुसराही जाईल, नोकरी जाईल, आणि मग या घरात दोन पाट्या लागतील.

दुसऱ्या दिवशी मी सांगायचं ठरवूनच कामावर गेले. पण डॉक्टरीणबाई सकाळीच एका अवघड बाळंतपणासाठी इचलकरंजीला गेल्या होत्या, संध्याकाळी येणार होत्या. मला तेवढंच निमित्त पुरलं. संध्याकाळी सांगू, असं म्हटलं. मोठ्या सिस्टरना सांगता आलं असतं. त्या मिशनच्या दवाखान्यात शिकलेल्या, पन्नाशीच्या, हाताखालच्यांना धाकात ठेवणाऱ्या. मी त्यांना सांगितलं नाही.

दुपारी कोडोलीहून एक बाई आली. पंचवीस-सव्वीस वर्षांची, शेतकऱ्याच्या घरची, बरोबर सासू. सकाळपासून कळा सुरू झाल्या होत्या. तिची आधीची दोन मुलं पोटातच गेली होती, दोन्ही अगदी शेवटच्या दिवसांत. म्हणून या खेपेला ती महिन्या-महिन्याला तपासायला यायची, आणि डॉक्टरीणबाईंनी आम्हाला सांगून ठेवलं होतं, ही आली की दर पंधरा मिनिटांनी ठोके ऐका. जरा कमी-जास्त वाटले तर मला बोलवा.

मोठ्या सिस्टर शेजारच्या खोलीत दुसऱ्या एका बाईची सुटका करत होत्या. म्हणून हिला मी घेतलं. टेबलावर झोपवलं, पोट चाचपलं. मूल खाली आलं होतं. मी नळी ठेवली, सवयीनं वाकले आणि डावा कान लावला.

काहीच नाही. काहीच नाही असंही नव्हतं, आत घों घों होतं, शंख कानाला लावल्यावर येतं तसं. मी नळी थोडी सरकवली. पुन्हा ऐकलं. घों घों. हे माझ्या कानाचं आहे हे मला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि दोन मुलं पोटात गेलेल्या बाईच्या पोटावर कान ठेवून काहीही ऐकू न येणं वेगळं.

"काय ओ बाई, गप का झालासा?" सासूनं दारातून विचारलं.

"थांबा आजी, बाळ हलतंय," मी म्हटलं. बाळ हललं की नाही ते मला माहीत नव्हतं.

मग मी उजवा कान लावला. तो लावायचा तर तोंड तिच्या पायांकडून तिच्या चेहऱ्याकडे करावं लागतं. मी मान वळवली आणि तिचे डोळे माझ्या डोळ्यांसमोर हातभर अंतरावर आले. ती पापणी न हलवता माझ्याकडे बघत होती. कळ आली होती, तिचे ओठ आवळले होते, पण ती कळेकडे लक्ष देत नव्हती. माझ्या तोंडावर काय आहे तेच ती वाचत होती. मला तोंड हलवता येईना. हसावं असं वाटलं आणि हसू येईना.

कळ ओसरली आणि मला ठोके ऐकू आले.

भरभर, बारीक, एकसारखे. मी घड्याळाकडे बघून मोजायला लागले. मिनिटाला एकशे चोवीस. थोडे कमीच, पण चालण्यासारखे. मी तोंड उघडून "चांगले आहेत" म्हणणारच होते. कागदावर लिहायला पेन्सिलही हातात घेतली. काय वाटलं कुणास ठाऊक, मी दुसऱ्या हाताची बोटं माझ्याच मानेवर ठेवली, जिथे नाडी लागते तिथे.

माझी नाडी त्याच तालात उडत होती. एकही ठोका इकडचा तिकडे नव्हता. मी माझंच हृदय मोजत होते. भीतीनं धावणारं माझं हृदय बंद कानात वाजत होतं, आणि मी ते तिच्या बाळाचं म्हणून कागदावर लिहिणार होते.

बाळ जिवंत आहे की नाही हे मला कळत नव्हतं. आणि मी आता नुसतं बरोबर आहे म्हणून गप्प बसले असते, तर पंधरा मिनिटांनी पुन्हा बरोबर म्हटलं असतं, आणि त्यापुढच्या पंधरा मिनिटांनीही.

"बाई," ती टेबलावरून म्हणाली. "हाय न्हवं?"

मी "हो" म्हटलं नाही. "मोठ्या सिस्टरना बोलावते," एवढंच म्हटलं आणि बाहेर पडले. माझ्यामागे सासूनं देवाचं नाव घेतलं ते मला उजव्या कानानं ऐकू आलं.

शेजारच्या खोलीत मूल नुकतंच झालं होतं. मोठ्या सिस्टर त्याची नाळ बांधत होत्या, आया पाणी ओतत होती. मी दारात उभी राहून म्हटलं, "सिस्टर, कोडोलीच्या बाईचे ठोके मला ऐकू येत नाहीत."

त्यांनी वर बघितलं. "नाहीत, की ऐकू येत नाहीत?"

"माझा कान बंद आहे. विमानातून उतरल्यापासून. चार दिवस झाले."

"चार दिवस." त्या ओरडल्या नाहीत. नाळेची गाठ पक्की केली, मूल दुपट्यात गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं. "हे धर. इथून हलू नकोस." आयेला त्या बाळंतिणीजवळ उभं केलं, हात धुतले आणि गेल्या.

मी ते कुणाचं तरी मूल धरून उभी राहिले. मधली भिंत विटांची होती, पण पातळ. एरवी पलीकडचं सगळं ऐकू यायचं, कळा देणाऱ्या बायका, सिस्टरचं रागावणं. त्या दिवशी मी उजवा कान भिंतीला लावला तरी मला काही ऐकू येईना. एक तर तिकडे कुणीच बोलत नव्हतं, किंवा माझा उजवाही गेला होता. माझ्या हातातलं मूल रडत होतं म्हणून तो गेला नाही एवढं कळलं. मग तिकडे कुणी का बोलत नाही, याची भीती सुरू झाली. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. आया नंतर म्हणाली, पाच मिनिटंही झाली नसतील.

सिस्टर दारात आल्या. "आहेत. एकशे चाळीस."

मला खाली बसावंसं वाटलं, पण हातात मूल होतं.

"उजव्या अंगाला, खूप खाली आहेत," त्या म्हणाल्या. "तू डावीकडेच शोधत बसली असशील. घाबरलं की माणूस पोटसुद्धा नीट चाचपत नाही. आता हिला तू बघ, तिला मी घेते. आणि डॉक्टरीणबाई आल्या की तू स्वतः सांगायचंस. मी सांगणार नाही."

दिवे लागायच्या सुमाराला कोडोलीच्या बाईला मुलगी झाली. सिस्टरनी मला हाताखाली बोलावलं होतं. मूल बाहेर आलं तेव्हा मी डावी बाजू तिकडे करून वाटीत कापूस भिजवत होते. वळले तेव्हा मुलीचं तोंड उघडलेलं दिसलं, आणि मग तिचं रडणं कानावर आलं. सासू दारात बसून रडत होती. टेबलावरची बाई मात्र रडली नाही. तिनं मान वळवून माझ्याकडे बराच वेळ बघितलं.

डॉक्टरीणबाई आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं, मानेवरच्या नाडीपर्यंत सगळं. नोकरी गेली असं धरूनच मी बोलत होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "कान उघडेपर्यंत बाळंतपणाच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. कपडे, औषधं, भांडी उकळणं तेवढं बघ. उद्या कानाच्या डॉक्टरांकडे जा. मी चिठ्ठी देते." टेबलावरची फाईल उघडून त्या वाचायला लागल्या. मी उभीच होते. "जा की," त्या म्हणाल्या.

शाहूपुरीतले कानाचे डॉक्टर म्हातारे होते. कपाळावरच्या आरशातून त्यांनी कानात उजेड पाडून पाहिलं, मग घशातही पाहिलं. मी दादांचं सांगितलं. ते म्हणाले, "वडिलांचं वेगळं, तुमचं वेगळं. नाकाच्या मागून कानाकडे एक बारीक वाट जाते. आपण गिळतो, जांभई देतो तेव्हा ती उघडते आणि कानात हवा जाते. तुमची ती वाट सर्दीनं सुजली होती. विमान खाली आलं, बाहेरच्या हवेचा दाब वाढला, आतला वाढला नाही. पडदा आत ओढला गेलाय. त्याच्यामागे थोडं पाणीही धरलंय."

"मी नाक दाबून फुंकत होते."

"जोरात?"

"हो."

"ते आधी बंद करा. पडदा फाटेल एखाद्या दिवशी. सर्दी पूर्ण जाऊ द्या, वाफ घ्या, नाकात हे थेंब घाला. नाक हलकं दाबून पाण्याचा घोट गिळा, दिवसातून चार-पाच वेळा. फुंकायचंच असेल तर सर्दी गेल्यावर, तेही अगदी हळू."

"उघडेल ना?"

"बहुतेकांचा उघडतो. आठ दिवस, कधी तीन आठवडे. नाही उघडला तर पडद्याला बारीक छेद देऊन पाणी काढावं लागेल."

त्यांनी धीर द्यायलाच सांगितलं असेल. पण घरी येताना टांग्यात माझ्या डोक्यात छेद हा एकच शब्द राहिला होता. 'बहुतेकांचा' म्हणजे सगळ्यांचा नव्हे, हेही मी धरून बसले.

पुढचे दिवस मी कपडे मोजत आणि कात्र्या उकळत काढले. सांगितल्याप्रमाणे घोट गिळायचे. आई तांब्या घेऊन माझ्यासमोर बसायची आणि मी गिळलं की विचारायची, "सुटला?" दोन दिवसांनी मी तिला म्हटलं, विचारू नकोस. मग ती नुसती बघायची. दादा पाटी माझ्याकडे सरकवायचे आणि मी त्यावर 'नाही' लिहायची. बोलून झालं असतं, मान हलवून झालं असतं, पण ते पाटीच पुढे करायचे. त्या पाटीवर स्वतःचं अक्षर बघून मला धडकी भरायची.

त्या काळी बाळंतिणीला दहा दिवस ठेवून घ्यायचे. कोडोलीची बाई जाण्याच्या आदल्या दिवशी मी तिच्या खाटेवरची चादर बदलायला गेले. मुलगी शेजारी झोपली होती.

"बाई," ती म्हणाली, "एक इचारू? त्या दिशी तुमास्नी ऐकूच आलं न्हाय न्हवं?"

मी चादरीचं टोक हातात धरून उभी राहिले. "नाही आलं. माझा कान बंद होता."

"तुमचं तोंड बघून मला वाटलं, तिसरं बी गेलं." ती मुलीकडे बघत बोलत होती. "मोठ्या बाई येस्तवर मी मेल्यागत पडलेली. तवा सांगायचं की, माझा कान दुखतोय म्हणून. मला काय कळलं नसतं व्हय?"

"चुकलं माझं," मी म्हटलं.

मी चादर घातली, कडा खोचल्या. दुसऱ्या दिवशी बैलगाडीत बसताना तिनं मला हाक मारली नाही, आणि मीही पुढे गेले नाही. सासूनं मात्र माझ्या हातावर पेढा ठेवला.

कान उघडला तो त्यानंतर चार दिवसांनी. मी भांड्यांच्या खोलीत पट्ट्यांच्या घड्या घालत होते. दुपारची वेळ, डोळ्यांवर झोप आली होती, मोठी जांभई आली. डाव्या कानात आधी चुरचुर झाली, मग बुडबुडा फुटावा तसा आवाज झाला, आणि काहीतरी गरम आतून ओघळल्यासारखं वाटलं. स्टोव्हचा फर्र आवाज एकदम इतका जवळ आला की मी दचकून मागे सरले. हातातलं कापड सळसळल्याचा, बाहेर कुणी बादली ठेवल्याचा, रस्त्यावरच्या टांग्याच्या घंटेचा, सगळे आवाज डावीकडून येत होते. आणि मी रडायला लागले. जांभई पुन्हा दिली तर पुन्हा बंद होईल की काय, या भीतीनं मी संध्याकाळपर्यंत तोंडच उघडलं नाही. आयेनं विचारलं, "दात दुखतोय काय ओ?"

डॉक्टरांनी पुन्हा तपासलं, पडदा जागेवर आलाय म्हणाले. डॉक्टरीणबाईंनी मला परत बाळंतपणाच्या खोलीत घेतलं. पहिल्या दिवशी एका बाईच्या पोटावर नळी ठेवली आणि डावा कान लावला. ठोके होते, स्वच्छ. मी ते मोजले. मग माझी मान चाचपून माझी नाडी मोजली. मग पुन्हा ठोके मोजले. तरी मला खात्री वाटेना. मी उठून मोठ्या सिस्टरकडे गेले.

"एकदा येऊन ऐकता का?" मी म्हटलं.

त्यांनी का म्हणून विचारलं नाही. आल्या, वाकल्या, ऐकलं. "एकशे छत्तीस," त्या म्हणाल्या.

"माझेही तेवढेच आले."

"मग लिही."

मी लिहिलं. पण पुढचे कित्येक महिने मी त्यांना असं बोलवत राहिले, आणि त्या दर वेळी हातातलं काम टाकून येत राहिल्या.